सुरक्षा कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड : चढत्या भावात निवड कशी करावी

घरच्या सुरक्षा कॅमेऱ्यातले मायक्रोएसडी कार्ड दिसायला मोबाइलमधल्या कार्डासारखेच असते. काम मात्र वेगळे. मोबाइलच्या कार्डावर फोटो एकदा साठवला की तो अनेकदा पाहिला जातो. कॅमेऱ्याचे कार्ड रात्रंदिवस लिहीत राहते, भरले की सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहिते, आणि यातले बहुतेक चित्रण कोणी कधी पाहतही नाही. कार्डनिवडीचे सगळे नियम या फरकातून निघतात. कार्डात किती मावते याच्या जोडीला ते एकूण किती लिखाण सोसते हेही पाहावे लागते. भाव चढलेले असताना तर हा हिशेब टाळून चालतच नाही.

कार्डाच्या पोटात नॅण्ड फ्लॅश जातीची चिप असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1987 मध्ये जगापुढे मांडली. तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म पेशीत विद्युतभार कोंडून ठेवला जातो आणि भार किती आहे यावरून माहिती वाचली जाते. एका पेशीत एकच बिट ठेवायचा तर भाराच्या दोन पातळ्या ओळखल्या की भागते. तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. पेशीत जितके जास्त बिट कोंबावेत तितके कार्ड स्वस्त पडते. पण पातळ्यांमधले अंतर घटते आणि थोडीशी झीजही चूक घडवते. ही झीज लिहिण्या-पुसण्यातून होते. दर वेळी विद्युतभार पेशीभोवतीच्या पातळ आवरणातून आरपार ढकलला जातो आणि ते आवरण हळूहळू कमकुवत होते. शिवाय पाटीवरचा एकच शब्द पुसावा तशी सोय इथे नाही. पुसायचा तर पेशींचा अख्खा गट पुसावा लागतो. म्हणून कार्डातील नियंत्रक चिप लिखाण सगळीकडे सारखे वाटत राहते. या हलवाहलवीमुळे कॅमेऱ्याने जेवढे लिहिले त्याहून अधिक लिखाण पेशींवर प्रत्यक्षात होते.

आता भावाकडे. फ्लॅश चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन आणि चीनमधील वायएमटीसी. 2022-23 मध्ये मागणी कोसळली, भाव पडले, कंपन्यांना तोटा झाला आणि त्यांनी उत्पादनात कपात केली. पुढे 2025 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी एकदम वाढली. ही केंद्रे मोठ्या क्षमतेचे साठवणसंच घाऊक घेतात, त्यामुळे कारखान्यांचा ओढा तिकडे गेला. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशल’ हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते त्यावरून कळते. किरकोळ बाजारातले मेमरी कार्ड या रांगेत शेवटी उभे असते. नवा कारखाना उभारून त्यातून माल निघायला वर्षे लागतात. त्यामुळे भाव उतरेपर्यंत थांबू म्हणून कॅमेरा कार्डाविना ठेवणे शहाणपणाचे नाही. गरजेपेक्षा मोठे कार्ड न घेणे हाच खरा बचतीचा मार्ग.

गरज किती, हे ठरवायला एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो. कॅमेरा सेकंदाला 1 मेगाबिट या गतीने लिहीत असेल तर दिवसाला 10.8 जीबी जागा लागते. दोन मेगापिक्सेलचा घरगुती कॅमेरा चित्रण दाबून साठवण्याच्या एच.265 पद्धतीत साधारण 1 ते 2 मेगाबिट गतीने लिहितो, जुन्या एच.264 पद्धतीत त्याच चित्राला याच्या दुपटीच्या आसपास गती लागते. गतीचा हा आकडा कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये किंवा माहितीपत्रकात बहुधा ‘बिटरेट’ या नावाने मिळतो. गती 2 मेगाबिट धरली तर दिवसाला 21.6 जीबी लागतात. म्हणजे 64 जीबीच्या कार्डात सुमारे तीन दिवसांचे, 128 जीबीच्या कार्डात सुमारे सहा दिवसांचे आणि 256 जीबीच्या कार्डात सुमारे बारा दिवसांचे अखंड चित्रण राहते. 128 जीबीचे कार्ड घातल्यावर काही कॅमेरे 119 जीबीच दाखवतात, ती फसवणूक नव्हे. कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्र 1,024 च्या पटीत, एवढाच तो फरक.

किती दिवस मागचे चित्रण हवे, हा यापुढचा प्रश्न. घरात रोज माणसे असतील तर चोरी किंवा मोडतोड त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लक्षात येते. तिथे तीन-चार दिवस पुरतात. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीत घर बंद करून गावी जाणाऱ्यांना पंधरा दिवस हवेत. अखंड चित्रण ठेवले तर वरच्या गतीने त्याला 324 जीबी लागतील. पण हालचाल दिसली तरच लिहावे असे कॅमेऱ्याला सांगितले आणि दिवसाकाठी सहा तास हालचाल धरली, तर हीच गरज 81 जीबीवर येते आणि 128 जीबीचे कार्ड पुरून उरते. बंद घरात तर हालचाल याहूनही कमी.

म्हणून पैसे मोजण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज तपासाव्यात. एच.265 ची सोय असेल तर ती चालू करावी. सेकंदाला 25 चित्रांऐवजी 15 ठेवली तरी माणूस ओळखण्यात फारसा फरक पडत नाही. चौकटीत रस्ता किंवा हलणारे झाड येत असेल तर तेवढा भाग हालचालीच्या क्षेत्रातून वगळावा. पावसाळ्यात सरी आणि रात्री इन्फ्रारेड दिव्याभोवती घोंघावणारे किडे कॅमेऱ्याला उगाच जागे करतात; माणूस ओळखण्याची सोय असल्यास ती वापरली की हे निरर्थक लिखाण बरेच टळते. याला एक पैसाही लागत नाही आणि कार्डाचे आयुष्यही वाढते. अखंड चित्रण मात्र दुकान, गोदाम किंवा सोसायटीचे प्रवेशद्वार अशा ठिकाणी हवेच, कारण हालचाल ओळखणारी यंत्रणा कधीकधी नेमका कामाचा क्षण सोडून देते.

यानंतर येते सोसण्याची क्षमता. बाजारात अखंड चित्रणासाठी बनवलेली वेगळी कार्डे मिळतात. त्यांच्या वेष्टनावर ‘एन्ड्युरन्स’ हा शब्द असतो आणि आयुष्य तासांत सांगितलेले असते. सॅमसंगच्या प्रो एन्ड्युरन्स मालिकेत हे आकडे 32 जीबीला 17,520 तास, 64 जीबीला 35,040, 128 जीबीला 70,080 आणि 256 जीबीला 1,40,160 तास असे आहेत. क्षमता दुप्पट की आयुष्य दुप्पट, कारण तेच लिखाण दुप्पट पेशींवर वाटले जाते. हे तास सेकंदाला 26 मेगाबिट या गतीने मोजलेले असतात, म्हणजे तासाला 11.7 जीबी. त्या हिशेबाने 128 जीबीचे कार्ड एकूण सुमारे 820 टीबी लिखाण सोसते. घरगुती कॅमेरा 2 मेगाबिट गतीने वर्षाला जेमतेम 8 टीबी लिहितो. कागदावर हे आयुष्य शंभर वर्षांचे भरते. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी उष्णता, विजेचा लपंडाव किंवा कार्डातला दुसरा एखादा भाग दगा देतो. म्हणजे वेष्टनावरचा तासांचा मोठा आकडा पाहून मोठे कार्ड घेण्याची गरज नाही. एका साध्या कॅमेऱ्याला 64 किंवा 128 जीबीचे एन्ड्युरन्स कार्ड पुरते.

साध्या कार्डाचा हिशेब याच रीतीने करून पाहावा. त्याच्या पेशी 500 वेळा लिहून-पुसून होतात असे धरले तर 64 जीबीच्या कार्डाची झेप 32 टीबीपर्यंत जाते. वर्षाला 8 टीबी लिखाण आणि आतल्या हलवाहलवीमुळे त्याची दुप्पट ते तिप्पट झीज धरली, तर ते दीड-दोन वर्षांत संपते. 4के कॅमेरा 8 मेगाबिट गतीने लिहीत असेल तर सहा महिनेही निघायचे नाहीत. त्यातच अनेक कंपन्या साध्या कार्डाच्या वॉरंटीतून अखंड चित्रणाचा वापर वगळतात. तेव्हा त्याच पैशात साधे 256 आणि एन्ड्युरन्स 128 यांतून निवडायचे झाल्यास अखंड चित्रणासाठी दुसरे घ्यावे. फक्त हालचालीवर चालणाऱ्या, कमी वर्दळीच्या कॅमेऱ्याला नामांकित कंपनीचे साधे कार्डही चालते.

कार्डावरच्या बारीक खुणा वाचता आल्या तर नको तिथे पैसे जात नाहीत. गोलात 10 (क्लास 10) किंवा यू अक्षरात 1 म्हणजे सेकंदाला किमान 10 मेगाबाइट लिखाण, म्हणजेच 80 मेगाबिट. यू अक्षरात 3 किंवा व्ही30 म्हणजे 30 मेगाबाइट. कॅमेऱ्याची गरज 2 ते 8 मेगाबिटांची. म्हणून क्लास 10 पुरेसे आहे. ए1 आणि ए2 या खुणा मोबाइलमधील ॲप कार्डावरून चालवण्यासाठी असतात. कॅमेऱ्याला त्यांचा उपयोग नाही. एचसी खूण 32 जीबीपर्यंतच्या आणि एक्ससी त्यापुढच्या, 2 टीबीपर्यंतच्या कार्डांवर असते. जुने कॅमेरे ठरावीक क्षमतेपुढचे कार्ड ओळखत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याची कमाल मर्यादा माहितीपत्रकात आधी पाहावी.

भाव चढले की नकली माल वाढतो. नकली कार्डातली लबाडी अशी : आत चिप 16 जीबीची, पण नियंत्रकाला 256 जीबी सांगायला शिकवलेले. कॅमेऱ्यात घातल्यावर ते बिनतक्रार चालते. पहिले 16 जीबी नीट साठतात. त्यापुढचे लिखाण हवेत विरते किंवा आधीच्यावर चढते. यादीत सगळ्या तारखा दिसतात, पण फाइल उघडत नाही. हे पकडायचे तर कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावे लागते. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ3 हे मोफत प्रोग्रॅम नेमके तेच करतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. पण माल परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे. खरेदी लॅमिंग्टन रोडवर असो, तपकीर गल्लीत असो की ऑनलाइन, अधिकृत विक्रेता आणि पक्के बिल यांना पर्याय नाही.

नवे कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्याच्या ॲपमधूनच फॉरमॅट करावे. काढताना आधी कॅमेऱ्याची वीज बंद करावी. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलींची मांडणी बिघडू शकते. राउटर आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर असले तर हा धोका टळतो. कार्ड मेले तरी थेट दृश्य मोबाइलवर दिसतच राहते, त्यामुळे बिघाड महिनोन् महिने ध्यानात येत नाही. यावर उपाय एकच : महिन्यातून एकदा आठवडाभरापूर्वीचे चित्रण उघडून पाहणे. ते अडकत असेल किंवा मधले तास गायब असतील तर एकदा फॉरमॅट करून पाहावे. दोष पुन्हा दिसला तर कार्ड बदलावे.

कार्डाला एक मर्यादा आहेच : चोराने कॅमेरा उपटून नेला तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो. कॅमेरा हाताला न लागेल इतका उंच हवा आणि महत्त्वाच्या क्लिपा क्लाउडवर किंवा मोबाइलवर जायला हव्यात. चार किंवा अधिक कॅमेरे असतील तर प्रत्येकाला वेगळे कार्ड घेण्याऐवजी एकच एनव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र साठवणारे यंत्र) आणि सुरक्षा चित्रणासाठीची हार्ड डिस्क यांचा खर्च मांडून पाहावा. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक जातीच्या डिस्क वर्षाला 180 टीबी कामाच्या हिशेबाने बनवलेल्या असतात, आणि प्रत्येक जीबीमागे त्या बहुधा स्वस्त पडतात.

घटना घडलीच तर पहिले काम म्हणजे चित्रण थांबवून कार्ड बाहेर काढणे. नाहीतर तेच कार्ड फिरत येऊन पुरावा पुसून टाकेल. न्यायालयात असे चित्रण मांडताना 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवावे लागते. म्हणून क्लिप कापून किंवा व्हॉट्सॲपवरून पाठवून भागत नाही. मूळ कार्ड जपून ठेवावे आणि पोलिसांनी मागितल्यास पंचनामा करून त्यांच्या हवाली करावे. कॅमेऱ्यात त्याच वेळी दुसरे कार्ड बसवावे.