दारीं आलेलीं सोंगें



दारोदार हिंडून खाऊ मागणें आपल्या घरांतल्या मुलांना शोभत नाहीं, ही शिकवण मला माझ्या आईनें दिली आणि तीच मी माझ्या मुलीला देत आलें. ती शिकवण एके संध्याकाळीं कशी डळमळली, तें आज सांगावयाचें आहे.

२०२२ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही स्कॉटलंडमध्यें ग्लासगो शहरीं राहावयास गेलों. मुलगी सहा वर्षांची. घरीं अखंड बडबड. शाळेंत मात्र सारें समजत असूनही तोंडांतून शब्द निघत नसे.

ऑक्टोबरच्या ३१ तारखेला तिकडे हॅलोवीनचा सण असतो. ख्रिस्ती पंचांगांत दुसरा दिवस सर्व संतांचा. परंतु जुन्या गेलिक परंपरेंत याच संधीस हिवाळा लागे, आणि त्या रात्रीं पिशाच्चें मोकळीं सुटतात अशी समजूत होती. त्यांनीं ओळखूं नये म्हणून माणसांनीं सोंगें घ्यावयाचीं, असें सांगतात. सलगम कोरून त्यांत दिवा ठेवण्याची चालही जुनी. सलगम कोरणें मनगटाचें काम. म्हणून अलीकडे अमेरिकेकडून आलेल्या भोपळ्यानें त्याची जागा पुष्कळशी घेतली आहे.

दारीं असा कंदील दिसला म्हणजे तेथें मुलांचें स्वागत आहे, हा संकेत आम्हांस ठाऊक नव्हता. दिवाळी नुकतीच झालेली. आमचा आकाशकंदील खिडकींत तेवत होता. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळला आणि थोड्या वेळानें दार वाजलें. उघडून पाहतें तों एक चेटकीण, एक सांगाडा आणि चादरींतलें एक भूत! मीं घाईनें शंकरपाळ्यांचा डबा पुढें केला. भूत हात मागें घेऊन म्हणालें, "अगोदर माझें गाणें ऐका."

तिकडची रीतच तशी. सोंग घेतलेल्या मुलानें गाणें, कविता, निदान एखादा विनोद म्हणून दाखवावा आणि मगच सफरचंद, अक्रोड वा मिठाई घ्यावी.

मी चमकलें. कोंकणांत शिमग्याच्या सोंगांना आपण पोस्त देतों, तेव्हां त्यांना भिकारी कोण म्हणतो? तीं नाचतात, गातात, घराला हंसवितात. पोस्त हा त्यांचा मान.

चेटकीण मुलीच्या वर्गांतली निघाली. तिनें हिला हांक मारली. मीं माझी जरीची शाल हिच्या अंगावर घातली आणि आम्ही निघालों. समोरच्या घरीं एक वृद्ध बाई एकट्या राहत. मान हलविण्यापलीकडे आमचें कधीं बोलणें झालें नव्हतें. तिघांचीं गाणीं झालीं. माझ्या मुलीनें माझा हात घट्ट धरला. मला वाटलें, आतां रडणार. इतक्यांत अगदीं बारीक आवाजांत भोंडल्याचें गाणें सुरू झालें. बाईंना त्यांतला एक शब्दही कळत नव्हता, परंतु थंडींत दार उघडें ठेवून त्यांनीं तें अखेरपर्यंत ऐकलें, आणि पिशवींत सफरचंद घालतां घालतां म्हणाल्या, "पुढच्या वर्षीं याचा अर्थ मला सांगावयाचा हं!"

दुसऱ्या दिवशीं ती शाळेंत बोलूं लागली, असें कांहीं झालें नाहीं. त्याला आणखी दोन महिने लागले. पण २०२३ सालीं गाण्याचा अर्थ सांगावयास तीच मला ओढीत समोरच्या दारीं घेऊन गेली.

आईची शिकवण मीं टाकलेली नाहीं. तींत एवढीच भर घातली आहे कीं, कोणाच्या दारीं जावयाचें तर गाणें घेऊन जावें.