चाचणी आधी, औषध मागून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत अथवा नाट्य यांविषयी बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आज आम्ही मात्र एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. संसर्गजन्य रोगांच्या तपासणीत व उपचारांत फार्मासिस्टचे, म्हणजे औषधाच्या दुकानातील नोंदणीकृत औषधतज्ज्ञाचे, स्थान कोणते, हा तो विषय होय. आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर पाहण्यात आमची नोकरी गेली, एवढाच आमचा अधिकार. परंतु घरात कोणाला ताप आला, की पहिले पाऊल दवाखान्याकडे न पडता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे पडते, हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे. आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांच्या बाबतीत तर ते अधिकच खरे. मुले नोकरीनिमित्त दूर गेलेली, नातलग पुण्या-नागपूरकडे. अशा वेळी पाड्यातला औषधवाला दादाच वडीलकीचा सल्लागार होऊन बसतो. त्याच्यावरील या विश्वासाचे आपण काय करतो, असा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास कोलकात्याइतके योग्य स्थळ नाही. हिवतापाने गांजलेल्या बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून क्विनाइनच्या पुड्या एका पैशाला एक याप्रमाणे विकल्या जाऊ लागल्या. दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड झाली होती. औषध तयार होते, पण ते खेड्यापर्यंत नेणार कोण? ते काम पोस्टाने केले. औषध सापडणे ही अर्धीच लढाई असते आणि उरलेली अर्धी ते योग्य माणसाच्या हाती पोहोचविणाऱ्याने लढावयाची असते, हे त्या पुडीने दाखवून दिले. मात्र पुडी घेणाऱ्याचा ताप हिवतापाचाच आहे की दुसरा कसला, हे सांगण्याचे साधन टपालबाबूंजवळ नव्हते. पुढे १८९८ मध्ये याच शहरात रोनाल्ड रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा डासांमार्फत होणारा संपूर्ण प्रवास उलगडून दाखविला. रोगाचे ज्ञान वाढले, तरी दुकानातील विक्रीची रीत फारशी बदलली नाही.

काळ्या आजाराची कथा याहून बोधप्रद आहे. सियालदह येथील कॅम्पबेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत, जेथे विजेचा दिवा नव्हता, गॅस नव्हता आणि पाण्याचा नळही नव्हता, तेथे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले. त्याच दशकात कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील डॉ. नेपियर यांनी या रोगाची एक साधी चाचणी रूढ केली. रोग्याच्या रक्तातील पाण्यासारखा भाग काचेच्या नळीत घेऊन त्यात फॉर्मॅलिनचा थेंब टाकावयाचा. तो भाग गोठून उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा दिसू लागला, की आजाराचा संशय बळावे. ही चाचणी निर्दोष नव्हती. रोग जडून काही महिने लोटल्याखेरीज ती बोलत नसे. तथापि अँटिमनीसारखे जहाल द्रव्य असलेले औषध शरीरात टोचण्यापूर्वी रोगाची खातरजमा करून घ्यावी, हा विवेक तिने शिकविला. औषध आणि चाचणी ही दोन चाके एकाच शहरात, एकाच काळात घडली, हे आम्हांस विशेष वाटते. आज बोटातील रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत उत्तर देणारी पट्टी काळ्या आजारासाठी वापरात आहे. पण विवेक तोच आहे.

विक्रेत्याला कायद्याने जबाबदार धरण्याचा प्रारंभही याच संस्थेशी निगडित आहे. बनावट आणि कमअस्सल औषधांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १९३० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष कर्नल रामनाथ चोप्रा हे स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा यांचे मूळ त्या समितीच्या अहवालात आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात मात्र कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि त्याचा धनी भलतीकडेच असतो. भिंतीवरच्या चौकटीला रोग्याचा खोकला ऐकू येत नाही.

आता आजच्या काळातील तीन साधे प्रसंग घेऊ.

पहिला तापाचा. पावसाळ्यानंतर या शहरात हिवताप आणि डेंग्यू हातात हात घालून येतात. रक्तस्रावी डेंग्यूची भारतातील पहिली मोठी साथ १९६३ मध्ये कलकत्त्यातच उद्भवली होती. ताप डेंग्यूचा असण्याची शक्यता असेल, तर ॲस्पिरिन अथवा आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवितात; म्हणून तेथे पॅरासिटामॉलच बरे. ताप हिवतापाचा असेल, तर त्याचा प्रकार ओळखल्याविना औषध ठरत नाही. व्हायव्हॅक्स प्रकारात क्लोरोक्विनचे तीन दिवस सरले, की रोग्याला बरे वाटते. परंतु यकृतात दडलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. शिवाय रक्तातील एका विशिष्ट विकराची उणीव असणाऱ्यास हेच प्रायमाक्विन अपाय करते. सांगा, हे सर्व दुकानाच्या फळीवर हात ठेवून अंदाजाने कसे ठरावे? येथे जाणत्या फार्मासिस्टचे काम दोन वाक्यांत आटोपते: ‘आज रक्त तपासून घ्या’ आणि पुढे, ‘बरे वाटले तरी चौदा दिवस पुरे करा.’ ही दोन वाक्ये कोणत्याही कॅप्सूलपेक्षा मोलाची आहेत.

दुसरा खोकल्याचा. दिल्ली, मुंबई व पाटणा येथे झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित व्यक्तींना क्षयाच्या रुग्णांची बतावणी करून ६२२ औषध दुकानांत पाठविण्यात आले होते. क्षयाची मुख्य औषधे एकाही दुकानदाराने परस्पर दिली नाहीत, ही समाधानाची गोष्ट. परंतु केवळ कित्येक दिवसांचा खोकला व ताप सांगणाऱ्यास सुमारे ३७ टक्के भेटींत प्रतिजैविक मिळाले. थुंकीत क्षयाचे जंतू आढळल्याचा कागद ज्याने दाखविला, त्याच्या बाबतीत मात्र हेच प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. मंडळी, या दोन आकड्यांतील अंतरात आमचे सगळे भाषण आहे. दुकानदार तेच, शहर तेच, खोकलाही तोच; फरक केवळ चाचणीच्या कागदाचा. निदान डोळ्यांसमोर आले, की बहुतेक विक्रेत्यांचा हात आपोआप आवरतो.

तिसरा प्रसंग अतिसाराचा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे द्रव संपत आल्यावर साखर-मिठाचे पाणी पाजण्याचा निर्णय घेतला. एक लिटर पाण्यास ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम आणि खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम, असे ते प्रमाण. पुड्या कोलकात्यात भरल्या गेल्या. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. येथे निदानासाठी थांबण्याची गरज नव्हती. गरज होती ती अचूक मापाची. आजची सुधारित पुडी साडेवीस ग्रॅमची असून ती संपूर्ण एक लिटर पाण्यातच घालावयाची असते. तरीही अर्धी पुडी पेल्यात ढवळून देणारी घरे आम्ही पाहतो. तेच नाव मिरविणारी गोड पेये बाजारात इतकी माजली, की ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणास त्या नावाचा वापर रोखावा लागला. खरी पुडी कोणती, हे सांगणारा माणूस शेवटी दुकानातच उभा असतो.

शासनानेही या माणसाची दखल घेतली आहे. काही महत्त्वाची प्रतिजैविके व क्षयाची औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीत आली. त्यांची विक्री करताना डॉक्टर, रुग्ण व औषध यांची नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविण्याचे बंधन २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही घातले. २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीची कोरोनाची घरगुती चाचणी मंजूर झाली आणि संसर्गाची तपासणी प्रथमच इतक्या प्रमाणात औषधाच्या दुकानातून घरोघरी गेली. इंग्लंडमध्ये तर ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, स्त्रियांमधील साधा मूत्रसंसर्ग अशा सात दुखण्यांवर फार्मासिस्टने स्वतःच तपासून, ठरलेल्या मर्यादेत औषध द्यावे, अशी योजना सुरू झाली.

आपल्याकडेही तसे व्हावे काय? यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, विकणाऱ्याच्याच हाती निदान दिले, तर विक्री वाढेल. हा आक्षेप खोडण्याजोगा नाही. गोळ्या विकून ज्याचे घर चालते, त्याच्याकडून ‘गोळी नको’ हा सल्ला फुकट मिळावा, अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. आमचे मत असे की, औषध लिहून देण्याचा अधिकार हा नंतरचा प्रश्न होय. आधी त्याला तपासणीकडे धाडण्याचे कर्तव्य द्यावे, त्यासाठी शिक्षण द्यावे आणि त्या श्रमाचा रास्त मोबदलाही द्यावा. समंजस नकारालाही काही किंमत असते, हे समाजाने मान्य केल्याखेरीज तो नकार दुकानातून ऐकू येणार नाही.

आणि दोष केवळ दुकानाचा नाही. दूरध्वनी करून ‘मागच्या वेळच्याच गोळ्या पाठवा’ म्हणणारे आपणच असतो. न दिल्यास शेजारच्या दुकानात जाणारेही आपणच. पाच दिवसांच्या औषधातील दोन दिवसांचे औषध डब्यात ठेवून पुढच्या तापाला वापरणारे हातही आपलेच. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू अशा डब्यांच्या आश्रयाने वाढतात, आणि ते मराठी-बंगाली असा भेद करीत नाहीत.

म्हणून या शुभवर्षी मंडळाने एक छोटा संकल्प करावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतील दोन-चार फार्मासिस्टांना पाहुणे म्हणून बोलवावे, त्यांचा सन्मान करावा आणि आपल्या ज्येष्ठ सभासदांशी त्यांचा मोकळा संवाद घडवून आणावा. महापालिकेच्या आरोग्यकेंद्रात रक्ततपासणी कोठे व केव्हा होते, हे सूचनाफलकावर लावावे. आणि प्रत्येक सभासदाने दुकानात पाय ठेवताना ‘काय देता?’ या प्रश्नाऐवजी ‘आधी काय तपासू?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. ग्राहकाचा प्रश्न बदलला, की विक्रेत्याचे उत्तर बदलते.

ज्या नगरीने जगाला साखर-मिठाच्या पाण्याचे सामर्थ्य दाखविले, तिच्यात राहून इतके करणे आपणांस जड नाही.