गोरेपणाची पुडी

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो एखाद्या भगिनीने मांडायला हवा होता, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. बायकांची वेणीफणी, पावडर, क्रीम यांच्याशी कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाचा संबंध काय? मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत अशा काही गोष्टी घडल्या की या विषयाशी माझा चांगलाच संबंध आहे, त्यातला थोडा दोषही माझ्या पदरी आहे, असे माझ्या ध्यानात आले. म्हणून पुरुष श्रोत्यांना विनंती, विषय बायकांचा म्हणून रेडिओ बंद करू नका. शिक्षक मंडळींनी तर मुळीच करू नये.

आमचे कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. आसपासच्या पंधरा-वीस खेड्यांतून मुली एस.टी.ने येतात. दरवर्षी स्नेहसंमेलनाला बाहेरगावचे पाहुणे येतात. त्यांना फाटकाशी ओवाळायचे आणि व्यासपीठावर स्वागतगीत म्हणायचे, यासाठी सहा मुली निवडाव्या लागतात. त्या वर्षी हे काम माझ्याकडे होते. मी प्रथम वर्षाच्या वर्गात गेलो, इकडेतिकडे पाहिले आणि पाच मिनिटांत सहा नावे लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वर्गाबाहेर थांबली होती. म्हणाली, "सर, मी शाळेत असल्यापासून स्वागतगीत म्हणत होते. माझं नाव का नाही?" मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू हं." कारण तिने विचारले होते आणि ते मलाच ठाऊक नव्हते.

महिन्याभराने संमेलनाचा फोटो कार्यालयाच्या भिंतीवर लागला तेव्हा ते समजले. सहाही मुली गोऱ्या. वर्गात साठ मुली, त्यांत गोऱ्या म्हणाव्यात अशा आठ-दहा. त्यांतल्या सहा मी नेमक्या वेचून काढल्या होत्या. 'गोऱ्या मुली घ्या' असे मला कोणी सांगितले नव्हते, माझ्याही मनात तसे काही नव्हते. हात आपोआप तिकडे गेला. ज्या गोष्टी हाताला आपोआप येतात त्या कुठून तरी शिकलेल्या असतात, नाही का?

शिकायला फार लांब जावे लागत नाही. घरात सून गरोदर राहिली की दुधात केशर घालून देतात. कशासाठी, तर बाळ गोरे व्हावे. मूल झाले की आलेली म्हातारी आधी विचारते मुलगा की मुलगी, आणि लगेच दुसरा प्रश्न, रंग कुणावर गेलाय? मुलगी सावळी असली तर अंगाला हरभऱ्याचे पीठ आणि साय चोळण्याचा सल्ला बाराव्या दिवसाच्या आत मिळतो. पुढे लग्नाच्या जाहिराती पाहा. शिक्षण, उंची आणि 'गोरी'. आता मोबाइलवर स्थळे येतात; माणसे पूर्वीचीच, म्हणून फोटो पाठवण्याआधी तो उजळ करून घेतात. गंमत अशी की ज्या सावळ्या विठोबासाठी आपण पंढरीची वाट तुडवतो त्याच्या रंगाची मुलगी पोटी आली की घर गप्प होते. द्रौपदीचे एक नाव कृष्णा आहे. ते तिच्या रंगावरून पडलेले. तिच्या स्वयंवराला राजांची रीघ लागली होती. वर्गात याला विरोधाभास म्हणतात असे सांगून मी पुढचा धडा घेत असे.

तेव्हा कंपन्यांना शिव्या देण्याआधी हे मान्य करू या की मूळ दुखणे घरचे आहे. कंपन्यांनी ते ओळखले आणि पुडीत बांधून विकायला आणले. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' नावाचे क्रीम काढले. आपल्या आज्यांपैकी काही जणींच्या ट्रंकेत त्याची बाटली असायची. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केले. १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरने 'फेअर अँड लव्हली' आणले आणि गोरेपणा हाच विकायचा माल झाला. त्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. सावळी मुलगी खाली मान घालून बसलेली, मग क्रीम, मग तीच मुलगी उजळ चेहऱ्याने नोकरीच्या मुलाखतीला निघालेली. बुद्धी तीच, पदवी तीच, फक्त कातडी बदलली! २००५ साली पुरुषांसाठी वेगळे क्रीम निघाले, तेव्हा हसणाऱ्या बाप्यांनी फार हसू नये. २०१४ साली जाहिरातधंद्यातल्याच मानक परिषदेने सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेले असे दाखवू नये असा नियम केला. २०२० साली त्या जुन्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्दही गेला, तिथे 'ग्लो' आला. नाव बदलले हे बरे झाले. पण दुकानात गिऱ्हाईक अजून 'गोरं व्हायचं क्रीम द्या' असेच मागते.

आणि माझ्या मते खरा धोका मोठ्या जाहिरातीच्या क्रीममध्ये तितकासा नाहीच. ते लावून खिसा हलका होतो, चेहरा होता तसाच राहतो. धोका त्यापुढच्या पायरीवर आहे. ते सांगण्यासाठी मला त्याच मुलीकडे यावे लागेल.

दुसऱ्या वर्षी ती वर्गात ओढणीने तोंड बांधून बसू लागली. एस.टी.तून धुळीचे येणाऱ्या मुली तसे करतातच, म्हणून मी लक्ष दिले नाही. मग ती येईनाशीच झाली. एके दिवशी तिची आई तिला घेऊन आली, परीक्षेच्या फॉर्मची मुदत वाढवून मागायला. ओढणी काढली तेव्हा मी पाहिले. गाल लालभडक, त्यावर मुरुमांचे पुंजके, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या आणि हनुवटीवर लव वाढलेली. उन्हात गेले की आग होते, चुलीपुढे बसवत नाही, असे ती सांगत होती. आई म्हणाली, "मेडिकलमधून ट्यूब आणली हुती सर. शेजारणीच्या पोरीनं लावली, ती उजळली म्हणून. पैल्या म्हयन्यात कशी कांती आली हुती बघा! बंद केली की जास्तच उठायला लागलं. मग लावतच ऱ्हायली."

जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब पाहताच सांगितले की हे स्टेरॉइड आहे. त्यांनी मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. वांग येतो ना गालावर, त्यासाठी डॉक्टर कधीकधी तीन औषधांचे एक मिश्रण देतात. त्यात एक रंग फिका करणारे, एक कातडीची पुटे सोडवणारे आणि एक स्टेरॉइड असते. ते काही आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचे. स्टेरॉइडमुळे सुरुवातीला दाह बसतो, चेहरा तुकतुकीत दिसतो, आणि इथेच माणूस फसतो. महिनोन् महिने लावत राहिले की कातडी झिजते, मुरुम येतात, लव वाढते. थांबवले की आग उसळते, म्हणून पुन्हा तेच लावावेसे वाटते. दारूचे जसे, तसेच हे. त्यातून सुटायला त्या मुलीला कित्येक महिने लागले. स्टेरॉइडची अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बंदोबस्त केंद्र सरकारने २०१८ साली केला आहे. तिला ट्यूब मिळाली ती त्यानंतर.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा कातडीतला रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, त्यामुळे रंग खरोखर फिका पडतो, आणि म्हणूनच बिननावाच्या डबीतून तो विकला जातो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे लावत होते. पायाला सूज, लघवीला फेस. आता सांगा, पायाला सूज आली म्हणून दवाखान्यात गेलेली बाई तोंडाला काय लावते हे डॉक्टरांना आपण होऊन सांगेल का? आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त असता कामा नये. नियम चांगला आहे. पण आठवडी बाजारात पालावर मांडलेल्या डबीला तो कोण लावणार?

म्हणून एक साधी सवय लावून घ्या. डबी किंवा ट्यूब घेतली की उलटून पाहा. करणाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख यांतले काही नसेल तर ती वस्तू परत ठेवा, मग शेजारीण कितीही उजळलेली असो. ट्यूबवर उभी लाल रेघ आणि 'आर-एक्स' अशी खूण असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घ्यायचे नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा. शिक्षकांनी ही खूण सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवली तर विज्ञानाचा एक तास सार्थकी लागेल.

इथे कोणी म्हणेल, आपले जुने तेच बरे होते. दिवाळीचे उटणे, शिकेकाई, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ. उटण्याचा वास मलाही प्रिय आहे. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद यांची नावे घेतली तरी पहाटेची थंडी आठवते. पण जुने म्हणून सगळेच निर्धोक असे मी म्हणणार नाही. सुरम्यात शिसे असू शकते, काही शेंदरांतही असते. आणि सोयीची म्हणून घेतलेली चिकटणारी टिकली पाहा. काही टिकल्यांच्या डिंकात एक रसायन असते, त्याने कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. तो झाकायला बाई त्याहून मोठी टिकली लावते! डाग दिसला की ती टिकली सोडायची आणि डॉक्टरांना दाखवायचे, हा त्यावर उपाय. लपवण्याने तो वाढतो.

आता रंगाविषयी दोन शब्द. गोरा असो की काळा, माणसाच्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य किती आणि कसे बनवतात यामुळे. हे द्रव्य उन्हातले घातक किरण शोषून घेते, आतल्या पेशींच्या गाभ्याला सांभाळते. ज्या बाया कांद्याच्या लागणीला, उसाच्या तोडीला दिवसभर उन्हात वाकलेल्या असतात त्यांच्या डोक्यावर हे निसर्गाने धरलेले छत्र आहे. ते आपण पैसे देऊन काढून घेतो.

हे सगळे मी त्या मुलीच्या आईला सांगितले. शहाणी बाई, तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "समदं खरं हाय सर. पण पाव्हणे येत्यात, चहा पित्यात, आन् 'कळवतो' म्हणून जात्यात. तीन झाले. ते काय म्हणून कळवत न्हाईत, ते मला ठावं हाय. तुम्ही त्यांना सांगाल का हे?"

श्रोते हो, याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पण पाहुणे म्हणून जाणारे आपल्यातच आहेत. मुलगी पाहायला गेलो, चांगली शिकलेली, बोलायला नीटस, आणि घरी परत येताना जीपमध्ये आपण काय बोललो ते प्रत्येकाने आठवावे. मीही अशा बैठकींना गेलो आहे. 'जरा सावळी आहे' हे वाक्य कोणीतरी हळूच टाकतो, बाकीचे बाहेर पाहू लागतात, आणि तिकडे कुणाच्या तरी घरात दुसऱ्या दिवशी एक पुडी उघडली जाते. बाहेर पाहणाऱ्यांत मी होतो.

माझ्या हातात होते तेवढे मी केले. यंदा स्वागतगीतासाठी सहा जणींची निवड आमच्या संगीताच्या बाईंनी खिडकीकडे तोंड करून, मुलींकडे पाठ फिरवून बसून केली. मी फक्त क्रमांक पुकारत होतो. निवडलेल्या सहाजणी सगळ्या रंगांच्या निघाल्या. ओवाळण्याचे तबक उंचीप्रमाणे पुढे आलेल्या मुलीच्या हाती दिले. आमची ती मुलगी आता तृतीय वर्षात आहे, गाल पुष्कळ निवळले आहेत, ओढणी गळ्यात असते. तिनेही नाव दिले होते. गायली, आणि तिची निवड झाली नाही. मला जिन्यात भेटली तेव्हा हसत होती.

"सर," ती म्हणाली, "या वेळी का नाही ते कळलं. माझा वरचा सूर लागत नाही."