भांडणे संध्याकाळीच का होतात?

(आश्रमशाळांतील शिक्षक, अधीक्षक व अधीक्षिका यांच्या प्रशिक्षण शिबिरात 'शाळेतील हिंसाचार : कारणे कोणती?' या विषयावर झालेले व्याख्यान)



सकाळच्या गटचर्चेत तुम्ही फळ्यावर जी कारणे लिहिलीत, ती मी उतरवून घेतली आहेत. मोबाईल आणि सिनेमा. घरची दारू. कायद्याने शिक्षकांचे हात बांधले. आणि एका गटाने लिहिले होते, 'मुलांचा मूळ स्वभाव'. हे शेवटचे नंतर कोणीतरी पुसले, पण तोवर मी वाचले होते. सुरुवात तिथूनच करते.

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर मी पुष्कळ मुक्काम केले. वारल्यांच्या घरी राहिले, कोकणांच्या राहिले, कातकरी वस्तीतही राहिले. मोठे माणूस मुलावर हात उगारते आहे, असे दृश्य मला फार क्वचित दिसले. मूल चुकले तर आजी ओरडते, बाप बोलत नाही, मूल रानात निघून जाते आणि भाकरीच्या वेळी परत येते. विषय संपला. आपल्या बहुतेक मुलांनी छडी पहिल्यांदा पाहिली ती शाळेत. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर १९४७ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथली मुले-मुली कामे आपसांत वाटून घेतात, आपले अधिकारी आपण नेमतात, चुकेल त्याला दंडही तीच करतात, हे त्यात विस्ताराने आले आहे. गडचिरोलीच्या आपल्या माडिया भागातही गोटुल आहेच. मुलांनी स्वतःचा कारभार चालवावा अशी रीत ज्या समाजात आहे, त्याच्या मुलांना आपण 'स्वभावानेच मारकुटी' म्हणणार असू, तर चर्चा इथेच थांबवलेली बरी.

मोबाईलचे थोडक्यात सांगते. बादलीवरून, साबणावरून आणि पोळीवरून होणारी भांडणे मोबाईलच्या आधीची आहेत.

दारूचे कारण मात्र असे झटकून टाकता येणार नाही. घरी मारहाण पाहिलेले मूल ती बरोबर घेऊन येते, हे खरेच आहे. पण मग सुट्टीहून परतल्यावर लगेच मारामाऱ्या वाढायला हव्यात. माझा अनुभव उलटा आहे. दिवाळी करून आलेले मूल पहिले आठ दिवस गप्प असते, कोपऱ्यात रडते, जेवत नाही. भांडायला त्याच्यात जोरच नसतो. भांडणे सुरू होतात ती पुढे, शाळा अंगवळणी पडल्यावर. म्हणजे घराइतकाच, कदाचित घरापेक्षा जास्त, शाळेचा विचार करायला हवा.

मी अधीक्षिका असताना एक साधी वही ठेवली होती. कोण चुकले हे त्यात लिहायचे नाही. कुठे घडले, किती वाजता घडले आणि त्या वेळी तिथे मोठे माणूस कोण होते, एवढेच लिहायचे. दोन-तीन महिन्यांत वहीने बोलायला सुरुवात केली. वर्गात जवळजवळ काहीच घडत नव्हते. घडत होते ते शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत, आणि पहाटे नळावर. जागाही त्याच त्या : नळ, ताटांची रांग, कपडे वाळत घालायची दोरी, झोपायच्या हॉलचा मागचा कोपरा. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच होता.

आपल्या शाळांची रचना डोळ्यांसमोर आणा. राज्यात शासकीय आश्रमशाळा सुमारे ५०० आहेत, अनुदानित त्याहून काही अधिक. पहिलीचे सहा वर्षांचे पोर आणि दहावी-बारावीचा मिसरूड फुटलेला मुलगा एकाच आवारात राहतात, पुष्कळदा एकाच छपराखाली झोपतात. मुले दोनशे-तीनशे, नळ आठ-दहा, त्यांतले दोन बंद. पाणी येणार तासभर. अशा रांगेत शेवटी कोण उरते? जे लहान आहे ते, आणि ज्याचा पाठीराखा नाही ते.

कातकरी मूल तर हमखास. आपण बाहेरून सगळ्यांना 'आदिवासी' म्हणतो आणि मोकळे होतो. मुलांना मात्र उतरंड बरोबर माहीत असते. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती शासनाने आदिम म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत. त्या तिन्हींत कातकऱ्यांना जमिनीचा आधार सगळ्यात कमी. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातात. मग रविवारी या मुलाला भेटायला कोणी येत नाही, फोन येत नाही, खाऊची पिशवी येत नाही. जातीवरून चिडवणे सुरू होते आणि एके दिवशी ते मूल दगड उचलते. आपल्या रजिस्टरमध्ये नोंद होते ती त्या दगडाची.

भाषेचेही तसेच. पहिलीत आलेल्या मुलाची भाषा घरची असते. वर्गातली मराठी त्याला निम्मी कळते. 'ह्याने माझे पांघरूण घेतले' हे त्याला सरांना सांगता येत नाही. सांगता न येणाऱ्याला दोनच मार्ग उरतात, मारणे किंवा पळून जाणे. आपल्या शाळांतून मुले पळतात तेव्हा आपण 'घरची ओढ' असा शेरा मारतो. ओढ असतेच. पण रात्रीच्या अंधारात दहा कोस चालायला मूल कशामुळे तयार झाले, हेही विचारले पाहिजे. त्या वाटेवर नदी असते, साप असतात, आणि सगळीच मुले घरी पोचत नाहीत.

आता कायद्याकडे येते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई करते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. 'तेव्हापासून पोरे ऐकेनाशी झाली,' असे सकाळी दोन-तीन जण म्हणाले. मी वेगळेच पाहिले. काही शाळांत छडी गेलीच नाही, फक्त ती धरणारा बदलला. सरांनी मारायचे नाही, म्हणून ती खोलीप्रमुखाच्या हाती आली. 'तू बघ रे यांच्याकडे,' एवढे सांगून सर क्वार्टरवर गेले. नववीचा मुलगा रात्री तीस पोरांचा मालक झाला. पाय दाबून घेणे, कपडे धुऊन घेणे, नाही म्हटले तर मार. त्याला तरी दोष कसा द्यायचा? तोही लहानपणी याच हॉलमध्ये झोपला होता.

आणि त्या अंधारात याहून वाईट घडत असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे, संस्थाचालकांसाठी तर जास्तच. 'संस्थेचे नाव खराब होईल' हे वाक्य आपल्या बैठकांत पुन्हा ऐकू येऊ नये.

तक्रारपेटी आहे ना, असे तुम्ही म्हणाल. आहे. भिंतीवर मोठ्या मुलाच्या उंचीला ठोकलेली असते, किल्ली मुख्याध्यापकांकडे असते, आणि पहिली-दुसरीच्या मुलाला अजून लिहिता येत नाही. पेटी रिकामी निघाली म्हणजे तक्रार नाही, असा अर्थ कृपया काढू नका. त्यापेक्षा आपल्या कामाठ्यांना आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारा. त्या मुलांच्या भाषेत बोलतात. कोण जेवला नाही, कोणाच्या पाठीवर वळ आहेत, हे आपल्या आधी त्यांना ठाऊक असते. शिबिराला आपण त्यांना कधी बोलावत नाही. हे मला खटकते, आणि पुढच्या शिबिराच्या संयोजकांना मी तसे सांगणार आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काय केले, ते तुम्ही डी.एड.ला वाचले असेल. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणावर न्यायची. मुलाला शाळेच्या मापाचे करण्याऐवजी त्यांनी शाळा मुलाच्या मापाची केली. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. संध्याकाळच्या दोन तासांचा प्रश्न आहे. लहानांना नळावर आधी सोडा. बादल्यांवर नंबर टाका. भाऊ-भाऊ, बहिणी-बहिणी असतील तर जवळ झोपू द्या. ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या भट्टीवरच्या मुकादमाचा फोन नंबर मिळवा आणि रविवारी आईशी दोन मिनिटे बोलू द्या. खोलीप्रमुख दर महिन्याला बदला, आणि तो मुलांनाच निवडू द्या. जेवणाची घंटा होईपर्यंत एक शिक्षक मैदानावर असू द्या. त्याने शिट्टी वाजवली नाही तरी चालेल, नुसते तिथे असले तरी पुरे.

शेवटच्या मुद्द्यावर तुमची कुजबुज मला ऐकू आली. पदे रिकामी आहेत, अधीक्षक एकच, त्यातही प्रकल्प कार्यालयाची माहिती रोज भरायची. तक्रार खरी आहे आणि ती वरपर्यंत गेली पाहिजे. पण ती नेतानाही वही हाती असू द्या. 'अमुक महिन्यात इतक्या मारामाऱ्या झाल्या, त्या वेळी इतक्यांदा तिथे एकही मोठे माणूस नव्हते,' असे लेखी दिले की साहेबांनाही उत्तर द्यावे लागते.

बाहेरच्या टेबलावर शंभर पानी वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक शाळेने एक घ्यावी. रकाने तीनच आखायचे. पुढच्या शिबिराला येताना भरलेली वही घेऊन या, आपण ती एकत्र बसून वाचू. आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.