गव्हांतील निदण

ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानांत दोन दृष्टान्त आहेत. दोन्ही अगदीं साधे; एक शेतांतला, दुसरा पंगतींतला. पहिला मत्तयाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायांत येतो. एका शेतकऱ्यानें आपल्या शेतांत चांगलें बीं पेरलें. रात्रीं माणसें निजलीं असतां त्याचा वैरी आला आणि गव्हांत निदण पेरून निघून गेला. रोपें वाढून ओंब्या आल्या, तेव्हां चाकरांच्या ध्यानांत ती गोष्ट आली. निदण उपटून टाकण्याची परवानगी त्यांनीं धन्याजवळ मागितली. धन्यानें ती दिली नाहीं. निदणाबरोबर गहूंहि उपटला जाईल, म्हणून कापणीपर्यंत दोन्ही बरोबरच वाढूं द्यावीं, असा त्यानें निर्णय दिला. येथें ज्या तणाचा उल्लेख आहे असें मानतात, तें विषारी असून ओंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखें दिसतें. म्हणजे धन्याचा सावधपणा नुसता दयाळूपणा नव्हता. तें शेतीचें ज्ञान होतें.

दुसरा दृष्टान्त लूकाच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायांत आहे. एका गृहस्थानें मोठी मेजवानी मांडली. सर्व सिद्धता झाली, परंतु निमंत्रित मंडळी येईनात. कोणी नवीन शेत घेतलें होतें, कोणी बैलांच्या जोड्या खरेदी केल्या होत्या, कोणाचें नुकतेंच लग्न झालें होतें. तेव्हां यजमानानें गांवांतील गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलावून आणविलें. तरीहि जागा उरली. मग घर भरून जावें म्हणून त्यानें चाकराला रस्त्यांवर व कुंपणांपाशीं पाठविलें आणि भेटतील त्यांना आग्रह करकरून आंत आणण्यास सांगितलें. मूळ ग्रीक ग्रंथांत येथें जें क्रियापद आहे, त्याचा अर्थ आग्रह करणें असाहि होतो आणि भाग पाडणें असाहि होतो. लॅटिन भाषांतरांत दुसरी छटाच ठळक झाली.

या दोन्ही दृष्टान्तांत राजा नाहीं, तुरुंग नाहीं, तलवार नाहीं. तरीहि भिन्न मताच्या माणसाचें काय करावें, या प्रश्नावर पश्चिम युरोपांत सुमारें तेराशें वर्षें जो झगडा चालला, त्यांत हे दोन दृष्टान्त पुनःपुनः समोरासमोर उभे केले गेले. एका पक्षानें शेत दाखवावें, दुसऱ्यानें पंगत दाखवावी. त्या झगड्याचा मागोवा घेतला म्हणजे धर्मग्रंथ आणि त्याचा वाचक यांच्या परस्पर संबंधावर मोठा प्रकाश पडतो.

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक स्वतःच रोमन सत्तेच्या छळाचे धनी होते. धर्म सक्तीनें लादतां येत नाहीं, हें तत्त्व त्या काळीं त्यांच्याच लेखकांनीं आग्रहानें मांडलें. कार्थेज येथील टर्टुलियन याचें लेखन त्याची साक्ष देतें. पुढें ३१३ मध्यें सम्राट कॉन्स्टंटाइननें या धर्माला मोकळीक दिली, आणि ३८० मध्यें थिओडोसियसनें तोच राजधर्म केला. त्यानंतर पांचच वर्षांच्या सुमारास ट्रिअर शहरीं प्रिसिलियन नांवाच्या स्पॅनिश बिशपाला देहान्त शिक्षा झाली. आरोप जादूटोण्याचा ठेवला होता. मागें उभे होते ते त्याचे प्रतिपक्षी बिशप. तूर येथील साधुवृत्तीच्या मार्टिननें या प्रकाराला कसून विरोध केला, पण तो व्यर्थ गेला. छळ सोसणाऱ्यांच्या हातून छळ होण्यास एक शतकहि लागलें नाहीं.

सक्तीला तात्त्विक बळ मिळालें तें मात्र ऑगस्टाइनपासून. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो या बंदराचा हा बिशप ३५४ मध्यें जन्मला व ४३० मध्यें वारला. तो क्रूर नव्हता. त्याच्या प्रांतांत डोनेटिस्ट नांवाचा पंथ प्रबळ होता. सम्राट डायोक्लीशियनच्या छळाच्या वेळीं ज्या धर्मगुरूंनीं भिऊन पवित्र ग्रंथ सरकारी अंमलदारांच्या स्वाधीन केले, त्यांच्या हातचे संस्कार ग्राह्य कीं अग्राह्य, हा वादाचा मूळ मुद्दा. डोनेटिस्टांना निष्कलंक धर्मसंघ हवा होता. त्यांना उत्तर देतांना ऑगस्टाइन निदणाचाच दृष्टान्त पुढें करी. या जगांत बरेवाईट मिसळलेलेच राहणार, त्यांची निवड कापणीच्या वेळीं ईश्वर करील, असें तो म्हणे. आरंभीं तो सक्तीच्या विरुद्धहि होता, कारण सक्तीनें ढोंगी अनुयायी मिळतात, हें तो जाणून होता. परंतु त्या पंथाच्या आश्रयानें दांडग्या टोळ्यांनीं मारहाण चालविली. सम्राटाचे कायदे कडक झाले. आणि सरकारी धाकानें त्याचें स्वतःचें गांवहि मूळ धर्मसंघांत परत आलें, असें त्याला दिसलें. परिणाम पाहून त्याचें मत फिरलें. ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें हा पालट उघडपणें कबूल केला आहे, आणि त्याला आधार घेतला तो पंगतीच्या दृष्टान्ताचा. देहान्त शिक्षा त्याला नको होती. दंड, जप्ती, हद्दपारी एवढ्यावरच थांबावें, अशी त्याची इच्छा. परंतु दार एकदां उघडल्यावर तें किती उघडावें, हें उघडणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं.

अकराव्या शतकांत लीएज येथील बिशप वाझो यानें पाखंड्यांना ठार मारण्याविरुद्ध शेताचा दृष्टान्त पुन्हां काढला. आज जें निदण दिसतें तें उद्यां गहूं ठरूं शकेल, असा त्याचा भावार्थ. पण काळ उलट दिशेनें चालला होता. तेराव्या शतकांत पाखंडाच्या चौकशीचीं न्यायासनें उभीं राहिलीं. खोटीं नाणीं पाडणाऱ्याला राजे ठार मारतात, मग श्रद्धा भ्रष्ट करणारा त्याहून मोठा अपराधी होय, असें टॉमस अक्वायनससारख्या थोर पंडितानें प्रतिपादन केलें. गव्हाला इजा पोंचण्याचें भय जेथें नाहीं, तेथें निदण उपटण्यास हरकत नाहीं, अशी त्या दृष्टान्ताची वाटहि त्यानें लावली. पोर्तुगालमधील अशाच न्यायासनाची एक शाखा १५६० मध्यें गोव्यांत स्थापन झाली आणि मधला थोडा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालली. हा वाद अशा रीतीनें कोंकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोंचला.

सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरनें रोमच्या सत्तेविरुद्ध बंड केलें, तेव्हां आतां सदसद्विवेकाला मोकळीक मिळेल, असें अनेकांस वाटलें. धर्ममतामुळें फ्रान्स सोडावा लागलेला जॉन कॅल्व्हिन हा त्या पिढींतील अत्यंत बुद्धिमान् पुरुष. त्याचें १५३२ सालचें पहिलें पुस्तक म्हणजे सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याच्या क्षमाशीलतेवरील निबंधाचें भाष्य. १५३६ मधील त्याच्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तींत बहिष्कृतांना व परधर्मीयांना सौम्यतेनें वळवावें, अशा आशयाचा मजकूर होता. त्या वेळीं तो निर्वासित होता. पुढें जिनीव्हा शहराचें धार्मिक पुढारीपण त्याच्याकडे आलें.

मिखाएल सर्व्हिटस हा स्पेनमधील विद्वान् वैद्य. त्रैक्याच्या रूढ सिद्धान्ताला धर्मग्रंथाचा आधार नाहीं, असें सांगणारें पुस्तक त्यानें १५३१ मध्यें, विशीच्या सुमारास छापलें. त्यानंतर नांव बदलून तो फ्रान्समधील व्हिएन गांवीं वैद्यकी करीत राहिला. १५५३ च्या आरंभीं त्याचा मोठा ग्रंथ गुप्तपणें छापून निघाला. हृदयाच्या उजव्या भागांतून निघालेलें रक्त फुप्फुसांतून डाव्या भागांत येतें, हें वर्णन युरोपांत प्रथम छापून आलें तें याच ग्रंथांत. व्हिएन येथें त्याला कैद झाली. कॅल्व्हिनला त्यानें लिहिलेलीं पत्रेंच जिनीव्हाहून पुरावा म्हणून पाठविलीं गेलीं होतीं. तुरुंगांतून तो निसटला, पण भटकत जिनीव्हांतच आला आणि १३ ऑगस्ट रोजीं ओळखला जाऊन पकडला गेला. झुरिक, बर्न, बाझल आणि शाफहाउझेन येथील धर्मसंघांचे अभिप्राय मागविण्यांत आले. चौघांनींहि त्याला दोषी ठरविलें. जाळण्याऐवजीं शिरच्छेद करावा, एवढी सवलत कॅल्व्हिननें सुचविली; ती नगरसभेनें मानली नाहीं. २७ ऑक्टोबर १५५३ रोजीं शांपेलच्या टेकडीवर सर्व्हिटसला जिवंत जाळण्यांत आलें. तो निसटून गेल्यावर कॅथॉलिक व्हिएनमध्यें त्याची प्रतिमा आधींच जाळून झाली होती. एरवीं एकमेकांना ख्रिस्तद्रोही म्हणणारे दोन पक्ष या एका गोष्टींत एक झाले.

या कृत्याविरुद्ध ज्यानें लेखणी उचलली, तो कोणी सरदार किंवा धर्माधिकारी नव्हता. तो एक शिक्षक होता. सेबॅस्टियन कॅस्टेलिओ हा १५१५ मध्यें सव्हॉयकडील एका शेतकरी कुटुंबांत जन्मला. जिनीव्हाच्या शाळेचा तो मुख्याध्यापक होता. मुलांना लॅटिन यावें आणि बायबलांतील कथाहि कळाव्या, म्हणून त्यानें लिहिलेले संवाद पुढें कित्येक देशांतील शाळांत चालले. बायबलांतील ‘गीतरत्न’ हें लौकिक प्रेमकाव्य आहे, असें त्याचें मत. तें कॅल्व्हिनला सहन होण्याजोगें नव्हतें. मतभेद वाढत जाऊन १५४४ मध्यें त्यानें जिनीव्हा सोडली. बाझल येथें एका छापखान्यांत मुद्रितें तपासून तो मोठ्या कुटुंबाचें पोट भरी. ऱ्हाइन नदीच्या प्रवाहांतून वाहत येणारीं लांकडें आंकडीनें ओढून तो सरपण जमवी. त्यांवर कोणाचीच मालकी नसे; तरीहि पुढें प्रतिपक्षानें त्याच्यावर लांकूडचोरीचा आळ घातला, आणि त्या आंकडीचा खुलासा या पंडिताला करावा लागला. १५५३ मध्यें तेथील विद्यापीठांत ग्रीक शिकविण्याची जागा मिळून त्याला थोडें स्थैर्य लाभलें होतें. गप्प बसण्यास एवढें कारण पुष्कळ होतें.

तो गप्प बसला नाहीं. पाखंड्यांचा छळ करावा कीं करूं नये, या प्रश्नावरील त्याचा ग्रंथ १५५४ मध्यें बाहेर पडला. प्रस्तावनेखालीं मार्टिन बेलिअस असें खोटें नांव होतें. ग्रंथाचा मोठा भाग निवडक उताऱ्यांचा आहे. त्यांत जेरोम, क्रिसॉस्टम, इरॅस्मस आहेत, ल्यूथर आहे, ऑगस्टाइन आहे, आणि स्वतः कॅल्व्हिनहि आहे. आपल्याच जुन्या शब्दांची आठवण करून देण्याइतकें अडचणींत टाकणारें दुसरें उत्तर नसतें. पाखंडी या शब्दाचा अर्थ शोधूं जातां आपल्याहून वेगळ्या मताचा माणूस, यापलीकडे त्यांत कांहीं सांपडत नाहीं, असा कॅस्टेलिओचा निष्कर्ष होता. एका शहरांत जो धर्मनिष्ठ ठरतो, तोच शेजारच्या शहरांत पाखंडी होतो. चोरी वाईट, खून वाईट, याविषयीं कोणीहि वाद करीत नाहीं. पण त्रैक्य किंवा पूर्वनियति यांवर शतकानुशतकें वाद चालतो, याचा अर्थच असा कीं त्या गोष्टी तितक्या स्पष्ट नाहींत. मग जें स्पष्ट नाहीं, त्यासाठीं प्राण कसा घ्यावा?

कॅल्व्हिनचा सहकारी थिओडोर बेझा यानें त्याच वर्षीं उत्तर दिलें. ग्रंथांतील एवढें सारें अनिश्चित मानलें तर धर्माचा पायाच खचेल, आणि प्रजेच्या आत्म्यांचें रक्षण न करणारा राज्यकर्ता कर्तव्यच्युत होईल, असा त्याचा आक्षेप. त्या काळच्या दृष्टीनें तो पोकळ नव्हता. शहराची तटबंदी आणि शहराची श्रद्धा या एकच वस्तु मानल्या जात. पाखंड म्हणजे साथीचा रोग, असें प्रामाणिक माणसांनाहि वाटे. कॅस्टेलिओनें दुसरा ग्रंथ लिहून मतावरील संकट आणि देहावरील संकट यांतील भेद उलगडून दाखविला. ज्यानें शब्दांनीं वार केला, त्याला उत्तर शब्दांनींच द्यावें. देह जाळून फक्त देह जळतो, मत जेथल्या तेथेंच राहतें, असा त्याचा आशय. हा ग्रंथ त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं. तो १६१२ मध्यें हॉलंडांत प्रसिद्ध झाला. १५६२ मध्यें फ्रान्समध्यें कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांचें युद्ध पेटलें, तेव्हां दोन्ही पक्षांनीं दुसऱ्याच्या विवेकावर बळजबरी करण्याचें सोडावें, असें त्यानें त्या देशाला विनविलें. २९ डिसेंबर १५६३ रोजीं, धर्मद्रोहाच्या आरोपाची चौकशी डोक्यावर असतांना, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. संशय कोठें घ्यावा आणि विश्वास कोठें ठेवावा, यावरील त्याचें अखेरचें पुस्तक संपूर्ण स्वरूपांत छापलें जाण्यास १९८१ साल उजाडावें लागलें.

तरी बीज वायां गेलें नाहीं. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सनें १६४४ मध्यें निदणाच्या दृष्टान्तावरच आपली विवेकस्वातंत्र्याची बाजू उभारली. १६८५ मध्यें चौदाव्या लुईनें प्रॉटेस्टंटांना अभय देणारा नांतचा हुकूमनामा रद्द केला. त्याच वर्षीं पिएर बेल याचा भाऊ धर्मासाठीं तुरुंगांत मरण पावला. पुढल्या वर्षीं बेलनें केवळ पंगतीच्या त्या एका वाक्यावर ग्रंथ लिहिला. ज्या अर्थानें अपराध करणें प्राप्त होतें, तो अर्थ धर्मग्रंथाचा असूंच शकत नाहीं, असें त्यानें बजावलें. १६८९ मध्यें इंग्लंडांत जॉन लॉकचें सहिष्णुतेवरील पत्र प्रसिद्ध झालें. पण नास्तिकांना त्यानेंहि वगळलें. दार मोकळें करणाऱ्यांनाहि तें पुरतें उघडवलें नाहीं.

या सर्व इतिहासांत एक गोष्ट ध्यानांत राहण्यासारखी आहे. ग्रंथ एकच होता आणि दोन्ही दृष्टान्त सर्वांना पाठ होते. दुर्बळ असतांना प्रत्येक पक्षाला शेत आठवलें. सत्ता हातीं येतांच त्याच पक्षाला पंगत आठवली. आपल्या बचावासाठीं शेताचा दृष्टान्त सांगणारे पुष्कळ निघाले. सर्व्हिटसचें मत कॅस्टेलिओचें मत नव्हतें, आणि तें खरें ठरविण्याचा त्यानें यत्नहि केला नाहीं. जो त्याच्या पक्षाचा नव्हता, अशा माणसासाठीं त्याला शेत आठवलें.

१९०३ मध्यें, त्या घटनेला साडेतीनशें वर्षें झालीं तेव्हां, कॅल्व्हिनच्याच अनुयायांनीं शांपेल येथें एक शिला उभारली. आपल्या महान् गुरूविषयीं आदर व्यक्त करून त्यांनीं तिच्यावर त्याच्या त्या चुकीचा निषेध कोरविला, आणि विवेकस्वातंत्र्यावरील आपली निष्ठा जाहीर केली. गहूं कोणता आणि निदण कोणतें, हें जिनीव्हाच्या नगरसभेनें अडीच महिन्यांत ठरविलें होतें. तो निवाडा चुकला, हें तिच्या वंशजांना दगडावर लिहावें लागलें. धन्यानें चाकरांना कापणीपर्यंत थांबण्यास कां सांगितलें, याचें उत्तर त्या शिलेपाशीं मिळतें.