सुई आणि लेखणी
(वार्षिक समारंभातील भाषण)



मुलीच्या हाती सुई शोभते की लेखणी, हा वाद फार जुना आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका कवयित्रीने त्याला दिलेले उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट १६१२ साली इंग्लंडात जन्मली. वडील थॉमस डडली एका सरदाराचे कारभारी. त्यांनी मुलीला पुस्तकांची वाट मोकळी करून दिली. १६३० मध्ये ती आईवडील व पतीबरोबर मॅसॅच्युसेट्सला गेली. समाज प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठांचा. तेथील डेप्युटी गव्हर्नर विन्थ्रॉप यांनी १६४५ साली रोजनिशीत एका बाईची हकीकत लिहिली आहे : अतिवाचन-लेखनाने तिची बुद्धी भ्रमली, घरकामात लक्ष घालती तर शुद्धीवर राहती!

अशा काळात आठ मुलांची ही आई कविता लिहीत होती. बहिणीच्या यजमानांनी तिच्या नकळत त्या लंडनला नेल्या आणि १६५० मध्ये छापल्या. झोपेतून काढलेल्या वेळात त्या लिहिल्या, अशी ग्वाही त्यांना प्रारंभीच द्यावी लागली.

आता तिची शैली पाहा. संग्रहाच्या आरंभीच्या कवितेत ती स्वतःकडे कमीपणा घेते. पण छंद कोठे अडखळत नाही. मग हळूच म्हणते, माझ्या हाताला सुईच बरी म्हणणारे पुष्कळ आहेत. काव्य चांगले उतरले तर ते चोरीचे किंवा योगायोगाचे ठरवतील. ग्रीकांनी कलांच्या नऊही देवता स्त्रियाच कल्पिल्या, याचीही ती आठवण देते. शेवटी पुरुषांचे श्रेष्ठत्व मान्य करून ती मागते काय? कवींचा मानाचा मुकुट नको, स्वयंपाकातल्या पाल्याची माळ पुरे! चुलीजवळचा पाला घेऊनच ती कवींच्या पंगतीत येऊन बसते. राणी एलिझाबेथवरील कवितेत मात्र आवाज चढतो : स्त्रीला बुद्धी नसते असे म्हणणे राणीच्या हयातीत राजद्रोह ठरले असते, असे ती सुनावते.

तिने धर्म सोडला नाही, संसारही मोडला नाही. पतीवरील प्रेमाच्या तिच्या कविता आजही वाचल्या जातात.

पालकहो, इल्म मुलामुलींवर सारखेच फर्ज आहे, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. घरीही ते पाळू या. मुलीचा निबंध चांगला झाला, तर ‘कोणी लिहून दिला?’ असे विचारू नका. आणि मुलींनो, नम्रता जरूर ठेवा, पण लेखणी खाली ठेवू नका.