सरासरीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा

अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या कड्यांपासून जामखेडच्या माळरानापर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रत्येक गावावर एक अदृश्य पाऊस अहोरात्र पडत असतो. अंतराळातून येणारे वेगवान कण वातावरणातील अणूंवर आदळतात आणि त्या आघातातून नवे कण जन्म घेतात. त्यांपैकी म्युऑन नावाचे कण जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला सुमारे एक या प्रमाणात पोहोचतात. या वर्षावातील इलेक्ट्रॉनांची संख्या कशी वाढते व ओसरते, याचे गणित डॉ. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले.

अणुकेंद्रांच्या टकरीत मात्र एका क्षणात हजारो कण निर्माण होऊ शकतात. प्रत्येकाचा जन्मवृत्तांत लिहिणे अशक्यच. यावर एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये संख्याशास्त्राचा मार्ग सुचविला. टकरीची सारी ऊर्जा अतिसूक्ष्म जागेत एकवटते. ती किती प्रकारे वाटली जाऊ शकते हे मोजावे, म्हणजे कोणते कण किती निर्माण होतील याचा अंदाज बांधता येतो. जड कणाला ऊर्जा अधिक लागते, म्हणून तो विरळ. हलके पायॉन विपुल असतात, तर त्यांच्याहून सुमारे पावणेसात पट जड असलेले प्रोटॉन थोडे.

रॉल्फ हागेडॉर्न यांनी १९६५ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. चुलीवरील पाण्याला उकळी फुटल्यावर जाळ वाढविला, तरी पाण्याचे तापमान चढत नाही. वाफ तेवढी अधिक होते. त्याचप्रमाणे टकरीची ऊर्जा वाढविल्यास कणांची संख्या वाढते, तापमान एका मर्यादेशी थबकते. ही मर्यादा सुमारे १.८ लाख कोटी अंश आहे. त्यापलीकडे प्रोटॉनसारखे कण टिकत नाहीत, त्यांतील क्वार्क मोकळे होतात, असे पुढे दिसून आले. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील टकरींत आढळलेली कणांची प्रमाणे या गणिताशी चांगली जुळतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबई आयआयटी येथील संशोधकही तेथील प्रयोगांत सहभागी झाले आहेत.

तथापि या यशाला दोन मर्यादा आहेत. हे गणित असंख्य टकरींची सरासरी सांगते. पुढच्या एका टकरीत नेमके किती कण निघतील, हे सांगत नाही. शिवाय इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींतही, जेथे उकळी फुटण्यास अवसरच नसतो, तेथेही आकडे बऱ्याच अंशी जुळतात. म्हणजे आकडा जुळला, एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे आणि पंचायत सदस्यांनी स्वतःपुढे ठेवावा असा हा विचार आहे. अकोले तालुक्यातील घाटघरला काही हजार मिलिमीटर पाऊस होतो. पर्जन्यछायेतील पाथर्डी, कर्जत या भागांत तो त्याच्या लहानशा अंशाइतकाच असतो. जिल्ह्याची सरासरी धोरण आखण्यास उपयोगी खरी. परंतु एखाद्या गावच्या विहिरीत पाणी किती आहे, हे त्या विहिरीतच पाहावे लागते. सरासरीवर विश्वास ठेवावा आणि तिला कोणता प्रश्न विचारू नये हेही जाणावे, हाच संख्याशास्त्राचा खरा संस्कार होय.